संपातले लंडन : दूध, पीठ आणि पोलीस

लंडन पाहून आलेल्या माणसाला लोक राजवाड्याबद्दल विचारतात, नदीकाठच्या मोठ्या घड्याळाबद्दल विचारतात. आमच्या तालुक्यातल्या एका दूध सोसायटीच्या चेअरमननी मला निराळेच विचारले. "साहेब, एवढ्या अवाढव्य शहराला दूध येते कुठून?" प्रश्न चेअरमनला शोभेल असाच होता. आजचे उत्तर सोपे आहे; टँकर येतात, कारखान्यात पिशव्या-बाटल्या भरतात, दुकानांतून विकतात. पण १९२६ सालच्या मे महिन्यात नऊ दिवस असे आले की हाच प्रश्न तिथल्या पंतप्रधानापासून गल्लीतल्या बाळंतिणीपर्यंत सगळ्यांना पडला होता. त्या नऊ दिवसांची हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे.

मुलगी आणि जावई तिकडे नोकरीला आहेत. दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून मी आणि मंडळी तीन आठवडे जाऊन आलो. मंडळींनी दुकाने पाहिली. मी मात्र एक जुना रस्ता धरून फिरलो. शहराच्या पूर्वेला रॉयल व्हिक्टोरिया नावाची जुनी गोदी आहे, तिथून पश्चिमेच्या हाईड पार्क या मोठ्या बागेपर्यंतचा हा रस्ता. अंतर तेरा-चौदा किलोमीटर. संपाच्या काळात शहराचे पीठ याच बाजूने आले आणि दूध त्या बागेत उतरले.

आधी संप कशाचा, ते थोडक्यात सांगतो. विलायतेतली सारी चूल, आगगाडी आणि कारखाने तेव्हा दगडी कोळशावर चालत. खाणीत दहा लाखांच्या घरात माणसे राबत होती. पहिले महायुद्ध संपले, बाहेरच्या देशांचा कोळसा बाजारात आला, त्यात १९२५ साली सरकारने पौंडाची किंमत सोन्याशी पूर्वीच्याच चढ्या दराने बांधली. त्यामुळे इंग्लंडचा कोळसा परदेशी गिऱ्हाइकाला महाग पडू लागला. मालकांनी उपाय काढला तो मजुरांच्या ताटातला. पगार कमी घ्या आणि तास जास्त भरा, म्हणाले. सरकारने नऊ महिने अनुदान देऊन तंटा पुढे ढकलला. अनुदानाची मुदत १९२६ च्या एप्रिलअखेर संपली आणि मालकांनी खाणींना टाळे लावले. खाणकामगारांचे म्हणणे एका ओळीचे होते : पगारातली एक पेनी कमी नको, दिवसातले एक मिनिट जास्त नको.

आपल्याकडे दूध संघांचा शिखर संघ असतो, तशी तिकडे सगळ्या कामगार संघटनांची शिखर संस्था आहे, ट्रेड्स युनियन काँग्रेस. तिने खाणकामगारांच्या पाठीशी उभे राहायचे ठरवले. ३ मेच्या मध्यरात्रीपासून रेल्वे, ट्राम, बस, गोदी, छापखाने, पोलाद, वीज अशा धंद्यांतले कामगार काम सोडून बाहेर आले. खाणकामगार वेगळे, हे पंधरा लाखांवर वेगळे. त्यांच्या स्वतःच्या पगाराचा प्रश्न नव्हता. दुसऱ्यासाठी ते आपली रोजी सोडून बसले होते. हे मला फार मोठे वाटते. शेजाऱ्याच्या बांधासाठी आपले औत सोडणारे किती निघतील, तुम्हीच मोजा.

(जाता जाता सांगतो : त्याच १९२६ साली आपल्या देशात कामगारांना संघटना नोंदवण्याचा कायदा झाला. राज्य तेच, पण तिकडे संप मोडण्याची तयारी चालू असताना इकडे नोंदणीचे दार किलकिले होत होते.)

आता ४ मेची सकाळ डोळ्यांसमोर आणा. मुंबईत लोकल बंद पडली तर काय होते ते तुम्ही ऐकलेच असेल. तेच तिथे झाले. आगगाड्या नाहीत, भुयारी रेल्वे जवळजवळ बंद, ट्राम बंद, लाल बसगाड्या डेपोत. वर्तमानपत्रेही नाहीत, कारण छापणारेच संपात. लाखो माणसे पायी निघाली. ज्यांच्याकडे मोटार होती त्यांनी वाटेतल्या टायपिस्ट मुलींना आणि कारकुनांना बसवून घेतले. कोणी लॉरीच्या फळीवर, कोणी मोटारसायकलच्या मागे. अडगळीतल्या सायकली बाहेर निघाल्या. रस्ते इतके तुंबले की चालणारा मोटारीच्या आधी पोचत होता.

मग सरकारी हाकेला ओ देऊन हौशी मंडळी आली. कॉलेजचे विद्यार्थी, निवृत्त लष्करी अधिकारी, पेढीतले बाबू. कोणाला लहानपणापासून आगगाडी चालवायची हौस होती, ती अशी फिटली! अननुभवी हातांमुळे रेल्वेचे अपघातही झाले आणि त्यांत माणसे दगावली. बस चालवायला विद्यार्थी बसत. संपकऱ्यांनी इंजिनचा भाग काढून नेऊ नये म्हणून पुढच्या झाकणावर काटेरी तार गुंडाळलेली, खिडक्यांना जाळी किंवा फळ्या, आणि चालकाशेजारी एक पोलीस. एका बसवर कोणीतरी खडूने लिहिले होते, चालक एका इस्पितळाचा विद्यार्थी, कंडक्टरही तिथलाच, आणि आडवा येईल तो त्याच इस्पितळाचा रोगी होईल. इंग्रज माणूस भांडतानाही थट्टा सोडत नाही, ही गोष्ट खरी. पण दक्षिणेकडच्या एलिफंट अँड कॅसल या चौकात थट्टा संपली होती. तिथे जमावाने बस अडवून पेटवून दिली. मी त्या चौकात उभा राहिलो. आता तिथे उंच उंच इमारती आहेत.

दुधाकडे येऊ. त्या काळी लंडनचे दूध पश्चिमेकडच्या परगण्यांतून आगगाडीने येई. विल्टशर, सॉमरसेट ही तिकडची दुधाळ गवताळ राने. शेतकरी सतरा गॅलनच्या, म्हणजे सुमारे सत्त्याहत्तर लिटरच्या उंच कॅनमध्ये दूध भरून स्टेशनवर पोचवी आणि दुसऱ्या दिवशी ते शहरातल्या उंबऱ्यावर. आता माझ्या खात्यातली गोष्ट. मे महिना हा तिकडे दुधाच्या पुराचा महिना. थंडी सरते, गवत वाढते, गाई कुरणात सुटतात आणि दूध वर्षातले सर्वांत जास्त होते. नेमक्या त्याच आठवड्यात आगगाडी बंद. खाणीला टाळे लावता येते, गिरणीचा पट्टा उतरवता येतो. गाईच्या कासेला कुठले टाळे? सकाळी धार काढलीच पाहिजे आणि संध्याकाळीही. हे त्या शेतकऱ्याचे दुखणे तुम्हाला मी वेगळे समजावायला नको.

सरकारने याची आखणी आधीच करून ठेवली होती. अनुदानाचे नऊ महिने त्यांनी वाया घालवले नव्हते. देशाचे विभाग पाडून प्रत्येकावर अधिकारी नेमला होता, लॉऱ्यांची यादी तयार होती. साडेतीनशे एकरांचा हाईड पार्क लोकांना बंद करून तिथे दुधाचा आणि अन्नधान्याचा तळ ठोकला. झाडांखाली लॉऱ्यांच्या रांगा, लाकडी खोपट्यांतून कचेऱ्या, स्वयंसेवकांसाठी चहा-फराळाची सोय. खेड्यांतून लॉरीने आलेले कॅन इथे उतरत आणि इथून शहरभर वाटले जात. मी गेलो त्या दिवशी वाटेवर पिवळी पाने पडली होती, दोन बाया घोड्यांवरून रपेट करीत होत्या, एक म्हातारा खारीला दाणे घालत होता. दुधाच्या तळाची खूण मला कुठे दिसली नाही. तिथले गवत मात्र पाहण्यासारखे आहे. एवढ्या पायदळी तुडवूनही मुळे धरून राहते, कारण रोज कुठे ना कुठे ते माणसांना बंद ठेवून विसावा देतात. आपल्या गायरानांना असा विसावा मिळाला तर!

एक गोष्ट इथे नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण माझ्या मते संपाचा निकाल तिथेच लागला. कामगारांच्या शिखर संस्थेने आपल्या पहिल्याच हुकमात म्हटले होते की अन्न, दूध, इस्पितळे यांना धक्का लावू नये. अन्नवाटपाला मदत करण्याची तयारीही तिने सरकारला कळवली होती. गावोगावच्या संप समित्या वाहनांना परवाने देत, आणि लॉरीच्या काचेवर पाटी लागे की ही गाडी कामगार संघटनेच्या परवानगीने जात आहे. मुलाच्या तोंडचे दूध अडू नये हा त्यात हेतू. पण पंतप्रधान बाल्डविन यांच्या सरकारला ती पाटी सलत होती. दूध पोचणे त्यांना हवेच होते. ते कोणाच्या परवानगीने पोचते, हा त्यांचा सवाल. रस्त्यावर कामगाराच्या चिठ्ठीने गाडी सुटू लागली तर राज्य कोणाचे? म्हणून त्यांनी मदत नाकारली आणि दूध आपल्या लॉऱ्यांतून, आपल्या पहाऱ्यात आणले. शिवाय परवान्यांच्या आडून भलताच माल जाऊ लागला, तेव्हा संघटनेलाही ते आवरते घ्यावे लागले. सरकारचे हे वागणे मला हट्टाचे वाटते, पण त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता हेही खरे.

गोदीवरचे चित्र याहून कडक होते. शहराचे पीठ आणि थंड गोदामातले परदेशी मांस तिथे अडकलेले. दारांवर हजारो गोदी कामगार उभे. वीज कामगार संपात, म्हणून गोदामांची थंडी टिकवायला नौदलाच्या पाणबुड्या गोदीत आणून त्यांच्या यंत्रांवरून वीज दिली गेली. पाणबुडीवर चालणारे शीतगृह मी तरी दुसरे ऐकले नाही. माल उतरवायला स्वयंसेवक हवे होते. ते दारातून जाऊ शकेनात, म्हणून रात्री नदीतून होड्यांनी नेले. आणि शनिवारी, ८ मेला, शंभरावर लॉऱ्यांचा ताफा पीठ घेऊन गोदीतून निघाला. पुढे-मागे चिलखती गाड्या, लॉऱ्यांवर बंदूकधारी शिपाई. कॅनिंग टाउन, पॉप्लर, कमर्शियल रोड ही सगळी कामगारांची वस्ती. याच गल्ल्यांत त्या दिवसांत पोलिसांचे दंडुके चालले होते, डोकी फुटली होती. त्या सकाळी मात्र लोक दुतर्फा उभे राहून नुसते पाहत राहिले. ताफा हाईड पार्कला पोचला.

मी हाच रस्ता दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसून पार केला. पॉप्लरमध्ये आता बांगलादेशी मंडळी खूप. दुकानात भेंडी, कारली, आंबेहळद सगळे मिळते. एका भाजीवाल्याने मला भेंडीचा भाव सांगितला आणि मी तो रुपयांत करून त्याच्याकडे पाहतच राहिलो. जवळच्या जुन्या गोदीत १८०२ साली बांधलेले साखरेचे गोदाम आहे. त्यात गोदीच्या इतिहासाचे संग्रहालय केले आहे. तिथे लाकडी खांबांवर हात फिरवला तेव्हा ऊस पिकवणारा मनुष्य म्हणून मला वेस्ट इंडिजचे गुलाम आठवले. ती साखर त्यांच्या घामाची. पण तो विषय वेगळा.

आता पोलिसांचे. लंडनचा साधा पोलीस बंदूक बाळगत नसे; उंच टोपी, शिट्टी आणि दंडुका एवढेच त्याचे सामान. नऊ दिवसांच्या संपात पोलिसाच्या गोळीने कोणी मेले नाही. लाखो माणसे रस्त्यावर आणि बंदुका गप्प, ही गोष्ट आपल्याला नवलाची वाटते. पण त्यावरून सगळे गोडीगुलाबीने झाले असे समजू नका. तीन हजारांहून अधिक लोकांवर खटले झाले. आणीबाणीच्या कायद्याखाली भाषणासाठी, पत्रकासाठीही माणसे आत गेली. शिवाय सरकारने तात्पुरते पोलीस भरती केले, आपल्याकडच्या होमगार्डसारखे, आणि त्यांची संख्या संपाअखेर देशभरात सव्वादोन लाखांवर गेली. दंडावर पट्टी, हातात दंडुका, डोक्यावर कोणाच्या लोखंडी टोप. घोड्यावरचे पथक तर पूर्वीच्या लष्करी अधिकाऱ्यांचे. गल्लीतला नेहमीचा शिपाई संपकऱ्याला नावाने ओळखत असे. उद्या पुन्हा त्याच गल्लीत गस्त घालायची हे तो जाणून होता. श्रीमंत वस्तीतून आलेल्या या हौशी पोलिसाला ती भीड नव्हती. त्यामुळे कामगारांचा राग त्यांच्यावरच जास्त.

नेहमीचा पोलीस तरी सरकारच्या बाजूने एवढा पक्का कसा राहिला? त्याचेही कारण आहे. आठच वर्षांपूर्वी, १९१८ साली, लंडनच्या पोलिसांनी स्वतःच संप केला होता. १९१९ साली पुन्हा केला. दुसऱ्या वेळी संपात गेलेल्या सर्वांना नोकरीवरून काढून टाकले, पोलिसांना संघटनेत जाण्याची बंदी करणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी राहिलेल्यांचे पगार चांगले वाढवले. एका हाताने छडी, दुसऱ्याने खाऊ. १९२६ साली चौकात उभा असलेला शिपाई हे सगळे पाहिलेला होता. आपल्याकडे १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलीस शिपाईच रस्त्यावर उतरले आणि सरकारला लष्कर बोलवावे लागले, गिरण्यांचा संप चालू असतानाच. तो दिवस आठवणारी माणसे तुमच्या गावात निवृत्त होऊन आलेली असतील. त्यांना विचारून पाहा.

प्लिमथ नावाच्या बंदराच्या गावी तर संपकरी आणि पोलीस यांचा फुटबॉलचा सामना झाला. तारीख ८ मे, म्हणजे लंडनमध्ये चिलखती गाड्या फिरल्या तोच दिवस. संपकऱ्यांनी दोन विरुद्ध एक गोलने सामना जिंकला. ही गोष्ट इंग्रज लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. मात्र त्याच दिवशी त्याच गावात ट्रामवरून हाणामारी झाली होती, ती सांगायचे विसरतात.

हे सगळे पाहताना मला सारखे आपले २०१७ साल आठवत होते. १ जूनला पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. मी तेव्हा नगर जिल्ह्यात नोकरीला होतो आणि आम्हा कृषी खात्याच्या माणसांना गावात जायला तोंड नव्हते. रस्त्यावर दूध ओतलेले, कांदा-टोमॅटोच्या राशी पडलेल्या. मुंबई-पुण्याकडे जाणारे टँकर पोलिसांच्या गाडीमागून जात. पुढच्या वर्षी जुलैमध्ये दूधदरासाठी आंदोलन झाले तेव्हाही तेच. टँकरसोबत जीपमध्ये बसलेली पोरे बरीचशी शेतकऱ्यांच्याच घरची. एका नाक्यावर अशाच एका शिपायाने मला हळूच विचारले होते, "साहेब, आमच्याकडं काय भाव बसला?" त्याच्या घरी चार म्हशी होत्या.

फरक इतकाच की लंडनच्या संपात दूध पिकवणारा शेतकरी संपात नव्हता. तो मधल्या मध्ये होता, दूध जावे एवढेच मागत होता. पुणतांब्याला दूधवालाच संपकरी होता. आपले पिकवलेले आपल्याच हाताने ओतणे हे गिरणीचा पट्टा उतरवण्यापेक्षा जड आहे, आणि ते किती दिवस चालेल याचा हिशेब सरकारजवळही होता. तरी त्या महिन्याअखेर, २४ जूनला, राज्य सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली.

लंडनला काही मिळाले नाही. १२ मेला शिखर संस्थेचे पुढारी पंतप्रधानांच्या घरी गेले आणि संप मागे घेतल्याचे सांगून आले. लेखी हमी कसलीच नव्हती. रेल्वे-गोदीच्या कितीतरी माणसांना कामावर परत घेताना अडवणूक झाली. पुढच्या वर्षी कायदा करून दुसऱ्याच्या पाठिंब्यासाठी संप करणे बेकायदा ठरवले. तो कायदा १९४६ पर्यंत राहिला. आणि ज्यांच्यासाठी हे सगळे झाले ते खाणकामगार एकटेच लढत राहिले. उन्हाळा गेला, पाने गळाली, घरातली चीजवस्तू गहाण पडली. नोव्हेंबरमध्ये ते खाणीत उतरले ते कमी पगारावर आणि जास्त तासांवर.

तुमच्यापैकी कोणाची मुले तिकडे असतील आणि तुमचे जाणे झाले, तर ही वाट जरूर चाला. रॉयल व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरा. पाण्याच्या कडेला जुन्या क्रेन अजून उभ्या ठेवल्या आहेत. पलीकडे पिठाच्या प्रचंड गिरणीची इमारत दिसते, ती १९३३ साली नव्याने बांधलेली. जवळूनच नदीवर टांगलेला पाळणा जातो. त्यातून गोदीचा सगळा पसारा एका नजरेत येतो. वारा बोचरा असतो, कानटोपी न्या. तिथून बसने पश्चिमेला, वरच्या मजल्यावर पुढे बसून. हाईड पार्कमध्ये एका कोपऱ्यात रविवारी कोणीही उभा राहून हवे ते भाषण करतो आणि पोलीस बाजूला उभा राहून ऐकतो. आम्ही गेलो तेव्हा एक गृहस्थ शिडीवर चढून तावातावाने बोलत होता, श्रोते सात, त्यात आम्ही दोघे. मंडळींनी विचारले, हा काय मागतोय? मी म्हटले, कळत नाही, पण थांबू अजून पाच मिनिटे.